ओल्या भिंतींची साक्ष

जपानच्या नैर्ऋत्येस क्यूशू नावाचे बेट आहे आणि त्या बेटावर कुमामोतो नावाचे शहर. जून महिना लागला, की या भागात पर्जन्यकाळ सुरू होतो. लाकडी घरांच्या तुळया, न्हाणीघराच्या चौकटी आणि भाताच्या पेंढ्यापासून केलेल्या 'तातामी' नावाच्या जाड बैठका ओल शोषून घेतात, आणि पाऊस सरताच जो दमट उष्मा सुरू होतो, त्यात ते लाकूड आणि तो पेंढा आतल्या आत कुजू लागतो. अशा घरांत राहणाऱ्या काही माणसांना, त्यांतही दिवसाचा बहुतेक वेळ घरातच काढणाऱ्या गृहिणींना, दर वर्षी त्या तीन-चार महिन्यांत कोरडा खोकला, अंगात कणकण आणि चार पावले चालताच लागणारी धाप असा विकार जडत असे. शरद ऋतूतली कोरडी हवा सुटली, की तो कोणी काही न करता ओसरत असे, आणि पुढल्या वर्षी त्याच सुमारास परत येत असे. रोग्याला रुग्णालयात आणून ठेवले, की तो काही दिवसांतच सुधारे. औषधाला गुण आला असे समजून त्याला घरी पाठवावे, तर घरी पोचल्यावर ताप आणि धाप पुन्हा उभी राही.

या विकाराचे मूळ शोधण्याचे काम कुमामोतो विद्यापीठातील मासायुकी आंदो आणि त्यांचे सहकारी यांनी चिकाटीने केले. रोग्यांच्या घरी जाऊन त्यांनी कुजक्या लाकडाचे, चटयांचे, अंथरुणांचे आणि धुळीचे नमुने गोळा केले, त्यांत वाढणाऱ्या सूक्ष्म जीवांची छाननी केली आणि रोग्यांच्या रक्तातील प्रतिपिंडे त्यांपैकी कोणाशी जुळतात हे ताडून पाहिले. १९८४ साली त्यांनी जाहीर केलेल्या शोधानुसार या विकाराचे कारण ट्रायकोस्पोरॉन नावाच्या, यीस्टच्या जातकुळीतल्या एका बुरशीत होते. १९८०नंतरच्या दहा वर्षांत जपानभर अशा प्रकारच्या फुप्फुसविकाराचे जे ८३५ रुग्ण नोंदले गेले, त्यांपैकी ६२१ जणांचा विकार हाच होता. थंड आणि कोरड्या होक्काइदो बेटावर मात्र तो आढळला नाही. पुष्कळ घरांत एकाहून अधिक माणसांना तो जडला होता, आणि कुजलेले लाकूड व चटया काढून टाकल्यावर, किंवा तेही शक्य नसल्यास घरच बदलल्यावर, पुढल्या उन्हाळ्यात रोगी निरोगी राहत होते. औषधाच्या बाटलीपेक्षा सुताराच्या पटाशीने अधिक गुण यावा, असा हा रोग आहे. आणि तो केवळ जपानचा नाही, म्हणूनच त्याची हकीकत मराठी वाचकापुढे सविस्तर मांडावीशी वाटते.

या विकाराला वैद्यकात 'हायपरसेन्सिटिव्हिटी न्यूमोनायटिस' म्हणतात. मराठीत आपण त्याला अतिसंवेदनजन्य फुप्फुसदाह म्हणू. बुरशी आणि फुप्फुस यांचा संबंध आला, की सामान्यतः दोन कल्पना मनात येतात. एक, बुरशी फुप्फुसात शिरून तेथे वाढली असेल; दुसरी, शिंका आणि दमा यांसारखी नेहमीची ॲलर्जी असेल. हा विकार या दोहोंहून निराळा आहे. येथे बुरशी फुप्फुसात रुजत नाही, तिचा संसर्गही होत नाही, आणि म्हणून एका माणसापासून दुसऱ्याला हा रोग लागत नाही. अपाय होतो तो शरीराच्या स्वतःच्याच संरक्षणव्यवस्थेकडून. व्हिएन्नाचे बालरोगतज्ज्ञ क्लेमेन्स फॉन पिर्के यांनी १९०६ साली 'ॲलर्जी' हा शब्द प्रथम योजला, तेव्हा परक्या पदार्थाच्या संपर्काने शरीराच्या प्रतिसादात होणारा पालट, एवढाच व्यापक अर्थ त्यांच्या मनात होता. पुढे तो शब्द शिंका, पित्ताच्या गांधी आणि दमा एवढ्यापुरता संकुचित झाला. त्या मूळ व्यापक अर्थानेच प्रस्तुत विकाराला ॲलर्जी म्हणता येते.

ही क्रिया घडते कशी, हे समजण्यासाठी आकारमानाचा थोडा विचार करावा लागतो. बुरशीची बीजुके ही तिची बी होय. पुष्कळ जातींत त्यांचा व्यास दोन ते पाच मायक्रॉन असतो, आणि एक मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा हिस्सा. मोठे धूलिकण नाकात आणि घशात अडकतात, त्यांहून लहान कण श्वासनलिकांच्या ओल्या अस्तराला चिकटून खोकल्यावाटे बाहेर पडतात. परंतु पाच मायक्रॉनपेक्षा बारीक कण या सर्व चौक्या ओलांडून थेट वायुकोशांपर्यंत पोचू शकतात. माणसाच्या दोन्ही फुप्फुसांत मिळून सुमारे ४८ कोटी वायुकोश असतात, आणि त्यांची भिंत इतकी पातळ असते, की हवेतला प्राणवायू तिच्यातून सहज रक्तात उतरावा. बहुतेक माणसांच्या वायुकोशांतील भक्षकपेशी आलेली बीजुके गिळून टाकतात आणि प्रकरण तेथेच निकालात निघते. काही थोड्या माणसांत मात्र, काही अंशी आनुवंशिक प्रवृत्तीमुळे, महिनोन्‌महिने किंवा वर्षानुवर्षे होणाऱ्या या संपर्कातून शरीर त्या कणांना वैरी ठरवते. त्यांच्याविरुद्ध रक्तात प्रतिपिंडे साठतात, वायुकोशांच्या नाजूक भिंतींत लिंफोसाइट नावाच्या पांढऱ्या पेशींची गर्दी होते, पेशींच्या बारीक गाठी बनतात, भिंती सुजून जाड होतात आणि प्राणवायूची वाट अडते.

आता या रोगाचे सर्वांत फसवे लक्षण सांगितले पाहिजे. फुलांच्या परागाने शिंका येतात त्या तत्काळ येतात, म्हणून कारण आणि परिणाम यांची गाठ रोग्यालाही दिसते. फुप्फुसदाहाचे तसे नाही. बुरशीचे कण श्वासातून आत गेल्यानंतर चार ते आठ तासांनी थंडी, ताप, अंगदुखी, कोरडा खोकला आणि धाप सुरू होते. एक-दोन दिवसांत सारे निवळते, आणि घरचे लोक 'हवा बदलली, ताप येऊन गेला' असे म्हणून विसरून जातात. सकाळी माळ्यावरची ओली पुस्तके झाडली आणि ताप आला संध्याकाळी, तर त्या दोहोंचा संबंध कोण जोडणार? त्यातही, संपर्क थोडा थोडा पण अखंड असेल, म्हणजे रोगी ज्या खोलीत निजतो तिचीच भिंत ओली असेल, तर तापाचे चढउतारही दिसत नाहीत. केवळ दम हळूहळू कमी होत जातो, वजन उतरते, आणि माणूस वयाला दोष देत बसतो. अशा वेळी एकच खूण उपयोगी पडते, ती म्हणजे घर सोडल्यावर वाटणारा आराम. एखादी सून माहेरी गेली, की तिचा खोकला थांबतो आणि सासरी परतली, की पुन्हा सुरू होतो. आपल्या समाजात याचा अर्थ काय लावला जाईल, हे सांगण्याची गरज नाही. तिच्या खोकल्याला ढोंग ठरवण्यापूर्वी ती ज्या स्वयंपाकघरात दिवस काढते त्याच्या मोरीलगतची भिंत कोणीतरी हात लावून पाहावी, असे मला कळकळीने वाटते. कुमामोतोच्या गृहिणींचे निदान अशाच ये-जा करण्याच्या नोंदीतून झाले होते.

धान्य, गवत आणि ऊस यांच्या धुळीने माणसे धापा टाकू लागतात, हे ज्ञान फार जुने आहे. इटलीतील वैद्य बेर्नार्दिनो रामाझ्झिनी यांनी १७०० साली कामकऱ्यांच्या रोगांवर जो ग्रंथ प्रसिद्ध केला, त्यात धान्य चाळणाऱ्या आणि मोजणाऱ्या मजुरांच्या दम्याचे वर्णन आहे. इंग्लंडमध्ये १९३२ साली कॅम्बेल नावाच्या डॉक्टरांनी बुरसलेले गवत हाताळणाऱ्या शेतकऱ्यांचा विकार नोंदला, आणि पुढे १९६०नंतर लंडनमध्ये जॅक पेपिस व त्यांच्या सहकाऱ्यांनी तापलेल्या ओल्या गवतात वाढणारे विशिष्ट सूक्ष्म जीव त्याला कारण आहेत, हे सिद्ध केले. उसाची चिपाडे ओली असताना रचून ठेवली, तर त्यांच्या ढिगात अशीच उष्णता आणि असेच जीव निर्माण होतात, आणि ती उपसणाऱ्या मजुरांना होणाऱ्या फुप्फुसविकाराला बगॅसोसिस असे नावच पडले आहे. साखर कारखान्यांच्या आपल्या मुलखात हे नाव अपरिचित राहू नये. तथापि हे सारे धंद्याचे रोग समजले गेले. घराकडे आणि कचेरीकडे बोट वळले ते नंतर. १९७० साली अमेरिकेतील एका कचेरीतल्या चार कर्मचाऱ्यांचा फुप्फुसदाह तेथील वातानुकूलन यंत्रात वाढलेल्या सूक्ष्म जीवांमुळे झाल्याचे प्रसिद्ध झाले. गोठा नाही, गवत नाही, धान्याचे कोठार नाही. केवळ गार हवा देणारे एक यंत्र आणि त्यातले साचलेले पाणी. ही गोष्ट आपण विशेष ध्यानात ठेवावी, कारण पुढे आपल्या देशातही तपासाचा रोख अशाच एका यंत्राकडे वळला.

मार्च २०१२ ते जून २०१५ या मुदतीत भारतातील १९ शहरांतल्या २७ केंद्रांनी मिळून फुप्फुसाच्या ऊतींना जाडी आणि व्रण आणणाऱ्या रोगांची एक नोंदवही ठेवली. जयपूरच्या डॉ. शीतू सिंह आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तिचा निष्कर्ष २०१७ साली प्रसिद्ध केला. नोंदलेल्या १,०८४ रुग्णांत सर्वांत मोठा गट, म्हणजे शेकडा ४७.३, अतिसंवेदनजन्य फुप्फुसदाहाचा निघाला. पाश्चात्त्य देशांत या प्रकारच्या रोगांत पहिले स्थान दुसऱ्याच विकारांना असते, म्हणून हा आकडा पाहून तज्ज्ञांनाही आश्चर्य वाटले. आणि या रुग्णांना घातक संपर्क कशाचा घडला असावा याची विचारपूस केली, तेव्हा शेकडा ४८.१ जणांच्या बाबतीत उत्तर आले, कूलर. कबुतरांसारखे पक्षी आणि घरातली बुरशी ही इतर प्रमुख कारणे होती. हा आकडा वाचताना एक मर्यादा पाळली पाहिजे. ही नोंद मोठ्या रुग्णालयांत पोचलेल्या रोग्यांची आहे. कूलर वापरणाऱ्या लक्षावधी कुटुंबांपैकी कितींना हा रोग होतो, हे तिच्यावरून काढता येत नाही, आणि कूलरखाली निजणारी बहुसंख्य माणसे धडधाकट असतात, हे आपण डोळ्यांनी पाहतोच. पण धाप लागलेल्या माणसाला 'घरी कूलर आहे काय, आणि त्याची ताटी शेवटची कधी बदलली?' हा प्रश्न विचारलाच पाहिजे, एवढा आदेश त्या आकड्यातून निःसंशय मिळतो.

विदर्भ, मराठवाडा आणि खानदेश या भागांतल्या वाचकाला कूलरचे वर्णन करून सांगायला नको. नागपूर, चंद्रपूर, अकोला येथे एप्रिल-मेमध्ये पारा ४५ अंशांच्या आसपास जातो आणि गरीब-मध्यमवर्गीय कुटुंबाला परवडणारा गारवा हाच एक. पूर्वी दारांखिडक्यांना वाळ्याच्या ताट्या बांधत आणि त्यांवर हाताने पाणी शिंपडत. पाणी वाहून जाई आणि उन्हाची झळ त्यांना वाळवून टाकी. पत्र्याच्या पेटीत पंखा, खाली पाण्याची टाकी, पंपाने सतत भिजत राहणारी लाकडाच्या किसाची किंवा गवताची ताटी, अशी रचना आली तेव्हा सोय पुष्कळ वाढली. पण त्याच सोयीत बुरशीला हवे ते सारे एकत्र आले. कोमट पाणी, कुजण्याजोगे लाकूड, अंधार, आणि दिवसरात्र ओल. पंखा त्या ताटीतून हवा ओढतो आणि ताटीवर, टाकीत, नळीत जे वाढले असेल त्याचे तुषार व कण बरोबर घेऊन समोर निजलेल्या माणसाच्या तोंडावर सोडतो, तेही रात्रीचे सात-आठ तास. पहिल्या पावसानंतर कूलरचा गारवा पडेनासा होतो, कारण हवाच दमट झालेली असते. तरीही सवयीने तो आणखी काही आठवडे चालू राहतो, आणि मग टाकीतले थोडे पाणी तसेच ठेवून यंत्र कोपऱ्यात ढकलले जाते. पुढल्या चैत्रात ते पहिल्यांदा सुरू केल्यावर येणारा कुबट वास अनेकांच्या ओळखीचा आहे. त्या वासाबरोबर आपण आणखी काय श्वासात घेतो, याचा विचार फारसा होत नाही.

बुरशीच्या ॲलर्जीचा दुसरा एक विकार येथे थोडक्यात सांगतो, कारण आपल्या देशात त्याची ओळख चुकण्याचा प्रसंग वारंवार येतो. फ्लॉरेन्सचे धर्मोपदेशक आणि वनस्पतिशास्त्रज्ञ मिकेली यांनी १७२९ साली एका बुरशीचे नाव ॲस्परजिलस ठेवले, कारण सूक्ष्मदर्शकाखाली तिचा शेंडा चर्चमध्ये पवित्र जल शिंपडण्याच्या साधनासारखा दिसत होता. तिची बीजुके सर्वत्र असतात आणि आपण सर्वजण ती रोज श्वासावाटे घेतो. दमा असलेल्या काही माणसांत मात्र ती श्वासनलिकांतील चिकट कफात घर करतात, शरीर त्यांच्याविरुद्ध तीव्र प्रतिक्रिया देते, नलिका रुंदावतात आणि तपकिरी रंगाच्या गुठळ्या खोकल्यावाटे पडू लागतात. लंडनच्या ब्रॉम्प्टन रुग्णालयातील तिघा डॉक्टरांनी १९५२ साली याचे पहिले वर्णन केले. खोकला, ताप, कधी कफातून रक्त आणि क्ष-किरण चित्रात डाग, एवढे पाहिले की आपल्याकडे पहिला संशय क्षयाचा येतो; आणि संशय येणे योग्यच आहे. परंतु थुंकीत क्षयाचे जंतू सापडत नसताना क्षयाची औषधे महिनोन्‌महिने घेणारे कित्येक दमेकरी वस्तुतः या विकाराचे रोगी असतात. आयजीई नावाच्या प्रतिपिंडाची रक्ततपासणी केली, तर वाट लवकर सापडते, आणि या विकारावर स्टेरॉइड व बुरशीनाशक औषधांचा चांगला उपयोग होतो.

पुन्हा फुप्फुसदाहाकडे वळू. वेळीच ओळखला आणि संपर्क तोडला, तर तो बहुधा पूर्ण बरा होतो. वर्षानुवर्षे दुर्लक्षित राहिला, तर सुजलेल्या भिंतींच्या जागी व्रणाचे कठीण तंतू तयार होतात, फुप्फुस आक्रसते, बोटांची टोके ढोलकाठीसारखी फुगतात, बसल्या जागी प्राणवायूचे प्रमाण ठीक दिसले तरी सहा मिनिटे चालताच ते झरझर खाली येते. आणि तंतू झालेला भाग कोणत्याही औषधाने पूर्ववत होत नाही. निदानासाठी छातीचे सूक्ष्म सीटी चित्र, फुप्फुसांची कार्यक्षमता मोजणारी चाचणी, प्रसंगी दुर्बिणीतून वायुकोश धुऊन काढलेल्या द्रवातील पेशींची गणना आणि क्वचित फुप्फुसाचा तुकडा, असे मार्ग आहेत. रक्तातील प्रतिपिंडे सापडली म्हणजे रोग सिद्ध झाला असे नव्हे. ती फक्त संपर्काची कबुली होय, आणि निरोगी माणसातही ती आढळतात. उपचारात प्रेडनिसोलोनसारखे स्टेरॉइड दाह शमवते आणि तंतू वाढतच राहिले तर त्यांची गती मंदावणारी नवी औषधेही आहेत. परंतु कारण घरात तसेच ठेवून दिलेली औषधे म्हणजे तुंबलेल्या मोरीतले पाणी तांब्याने उपसणे होय. म्हणून या रोगात डॉक्टराने रोग्याच्या छातीइतकाच त्याच्या घराचा पंचनामा केला पाहिजे, आणि प्रत्यक्ष जाणे शक्य नसेल तर रोग्याकडून भिंतींची, छताची, कूलरची आणि खिडकीबाहेरच्या कबुतरांच्या विष्ठेची छायाचित्रे तरी मागवावीत.

घराच्या बाबतीत एक समज विशेष घातक आहे. बुरशीच्या डागावर रंगाचा हात मारला, किंवा ब्लीचिंगचे पाणी शिंपडून तिला मारले, की काम झाले, असे लोक मानतात. मेलेल्या बुरशीचे कणही शरीराची तीच प्रतिक्रिया जागी करू शकतात. म्हणून तिला मारणे पुरेसे नाही, काढून टाकणे भाग आहे, आणि तत्पूर्वी पाणी कोठून येते ते शोधले पाहिजे. वरच्या मजल्याची फुटकी नळी, गच्चीची चीर, पावसाच्या माऱ्याच्या पश्चिमेकडील भिंतीचा उडालेला गिलावा, जोत्यातून वर चढणारी ओल, यांपैकी जे असेल ते दुरुस्त न करता केलेली रंगरंगोटी दोन पावसाळेही टिकत नाही. डाग कोरडे खरवडू नयेत, त्याने बीजुके घरभर उडतात. ओल्या फडक्याने, तोंडावर एन-९५ मास्क बांधून पुसावेत, आणि ज्याला धाप लागते त्याने स्वतः हे काम मुळीच करू नये. सडलेला प्लायवूड, भिजलेली गादी, पोपडे आलेला गिलावा यांचा मोह सोडावा. कोकणात आषाढ-श्रावणात बाहेरची हवाच बाष्पाने भरलेली असते, तेथे खिडक्या उघड्या ठेवून ओल जात नाही. पण कपाटे भिंतीपासून वीतभर पुढे ओढणे, ओले कपडे निजण्याच्या खोलीत न वाळवणे, स्वयंपाकाची वाफ पंख्याने बाहेर काढणे आणि उघडीप मिळताच अंथरुणे उन्हात टाकणे हे आपल्या आज्या करीत आल्या तेच आजही उपयोगी आहे.

भाड्याच्या घरात राहणाऱ्याच्या हाती यांतले फारच थोडे असते. इंग्लंडमधील रॉचडेल येथे डिसेंबर २०२० मध्ये एक दोन वर्षांचे बालक श्वसनाच्या विकाराने मरण पावले. मृत्यूचे कारण घरातील बुरशीशी दीर्घकाळ आलेला संपर्क होय, असा निर्णय चौकशी अधिकाऱ्याने २०२२ साली दिला. आई-बापांनी तक्रारी केल्या होत्या आणि घर दुरुस्त झाले नव्हते. तो विकार येथे वर्णन केलेल्या फुप्फुसदाहाहून वेगळा होता, परंतु त्या प्रकरणातून २०२३ साली तेथे जो कायदा झाला, त्याने सार्वजनिक घरांच्या मालकांना ओल आणि बुरशीची तक्रार ठराविक मुदतीत निकालात काढण्याचे बंधन घातले. चाळीत, वसाहतीत किंवा दाटीवाटीने उभ्या केलेल्या इमारतीत राहणाऱ्या आपल्या भाडेकरूची ओली भिंत ही शोभेची बाब नसून आरोग्याची बाब आहे, हे आपल्या नगरपालिकांनीही मान्य करावे, असे माझे स्पष्ट मत आहे.

ते होईपर्यंत वाचकाच्या हाती एक गोष्ट निश्चित आहे. या वर्षी मृगाचा पाऊस पडून कूलर बंद कराल, तेव्हा टाकीतले पाणी काढून ती घासून उन्हात कोरडी करा, जुनी ताटी टाकून द्या आणि पुढल्या उन्हाळ्यात नवी बसवा. आणि घरात कोणाला दोन-तीन आठवड्यांहून अधिक काळ कोरडा खोकला आणि चालताना धाप असेल, तर डॉक्टरांकडे जाताना त्यांनी विचारले नाही तरी आपल्या घराची हकीकत त्यांना आपण होऊन सांगा.